वर्षभरात अख्खी 'रुचिरा'
"मॅडम, मी हाती घेतलेलं काही म्हणजे काही तडीस नेत नाही." हे मला समुपदेशन करताना वरचेवर ऐकायला मिळतं. कुणाची जिम सुटलेली असते, कुणाची पीएचडी. या बाईंची 'रुचिरा', म्हणजे त्या पाकपुस्तकातला प्रत्येक पदार्थ वर्षात करायचा संकल्प, सुटायला आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चाळिशी जवळ आलेली, विम्याच्या कचेरीत नोकरी. त्यांनी ज्युली पॉवेलचं 'ज्युली अँड ज्युलिया' वाचलं होतं. तिशीला टेकलेल्या पॉवेलने 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या छोट्याशा घरात, दिवसभर कारकुनी करून, ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या सहलेखिकांच्या 1961 मधल्या फ्रेंच पाकग्रंथातल्या 524 पाककृती 365 दिवसांत करायला घेतल्या आणि संपवल्या. मग आपण कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' का नाही? फ्रिजवर तक्ता लागला.

दिवाळीत अनारसे हसले. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, गूळ घालून मुरवलेलं पीठ. तुपात सोडताच पसरून विरघळलं. गूळ जास्त झाला की होतं असं, थोडी तांदळाची पिठी मिसळून सावरता येतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्या ओट्याशी रडत बसल्या, कारण तक्त्यावर त्या दिवसाचे आणखी दोन पदार्थ बाकी होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एक दिवस साधा वरणभात कर की." तोही टोमणाच वाटला.

मी विचारलं, "तक्ता भरला तर काय होईल?" बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "निदान एक गोष्ट तरी माझ्या हातात आहे असं वाटेल." बढती हुकली होती. हाताखाली शिकलेला मुलगा आता साहेब होता.

असा संकल्प मुळात वाईट नाही. मन खचलेलं असताना हाताला ठरलेलं काम असावं, असं आम्हीही सुचवतो. घोळ अटीत असतो: सगळं, तेही वर्षात, नाहीतर शून्य. पॉवेलच्या पुस्तकातही रडारड आणि शिव्या भरपूर आहेत, पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो आकडाच. आणि खुद्द ज्युलिया चाइल्ड 1949 मध्ये पॅरिसच्या पाकशाळेत गेली तेव्हा सदतीस वर्षांची होती. पुस्तक यायला पुढे बारा वर्षं गेली. हे मात्र बाईंनी वहीत टिपून घेतलं.

तक्ता काढायला मी सांगितलं नाही, फक्त त्यावरची तारीख खोडायला लावली. रविवारी एक पदार्थ, नको ते खुशाल गाळायचे, बिघडलेलाही 'झाला' म्हणून धरायचा. अनारशांपुढे बरोबरची खूण झाली. उपासाचे पदार्थ त्यांनी एका फटक्यात उडवले. घरात उपास करतं कोण?

पुढच्या भेटी बढतीबद्दल वरिष्ठांशी कसं बोलायचं, यातच गेल्या. अर्जाचा मसुदा आम्ही माझ्या टेबलावरच केला. तोही त्यांना पहिल्याच खेपेला बिनचूक हवा होता.