ब्रुनोचा श्रावण

"मॅडम, चिकन बंद केलं की हा शांत होईल ना?"

कुत्र्यांच्या वर्तनावर समुपदेशन करताना मी एवढ्या वेळा ऐकलेला दुसरा प्रश्न नाही. कुत्रा घरातल्या कुणावर गुरगुरतो, दात दाखवतो आणि सोसायटीतलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, की मटण घातलं की जनावराला रक्ताची चटक लागते. मग भांड्यातलं मांस जातं, पोळी-दूध येतं. बऱ्याचदा खरं प्रकरण तिथूनच पुढे चिघळतं. म्हणून ब्रुनोबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ब्रुनो ठाण्यातल्या एका कुटुंबातला चार वर्षांचा लॅब्रॅडॉर. इतका सोशिक, की घरातला आठ वर्षांचा मुलगा त्याच्या पोटावर डोकं टेकून टीव्ही बघायचा. श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या आईचा फोन आला. पहाटे पोरगा पाणी प्यायला उठला, ओट्याशी बसलेल्या ब्रुनोच्या शेजारून गेला आणि ब्रुनोने ओठ वर करून दात दाखवले. चावला नाही. पण ही पहिली वेळ नव्हती, आणि सासूबाई आता "गावाला सोडून या त्याला" म्हणायला लागल्या होत्या.

घरी गेले तेव्हा आजींनीच सूत्रं हातात घेतली. "आम्ही श्रावण पाळतो. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यालाही पोळी-दूध. म्हटलं, तेवढंच डोकं थंड राहील."

"आणि गटारीला काय खाल्लं त्याने?"

सगळे हसले. मुलाचे बाबा म्हणाले, "हाडं दिली. रश्शात भात कालवून दिला. त्याचीही गटारी!"

म्हणजे एका रात्री झणझणीत रस्सा, शिजवलेली हाडं, वाटणातला कांदा-लसूण. आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी एकदाच चार पोळ्या आणि अर्धा लिटर दूध. संध्याकाळी चहाच्या वेळी आजींकडून दोन-चार ग्लुकोज बिस्किटं. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशीची दुपार.

आम्ही बोलत असताना ब्रुनो सोफ्याच्या पायाशी पसरून फरशी चाटत होता. सांडलेलं काही नव्हतं. एकाच फरशीचा एकच कोपरा, लांब जिभेने, पुन्हा पुन्हा. मधेच थांबून घोट गिळायचा, ओठांवरून जीभ फिरवायचा आणि परत सुरू.

"हे कधीपासून?"

"ते होय? हल्लीच लागलीये सवय. खुळा आहे."

मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१२ साली अशाच, सतत जमीन-भिंती चाटणाऱ्या १९ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १४ जणांच्या पचनसंस्थेत बिघाड सापडला. तोवर हे चाटणं मनाचा चाळा म्हणून सोडून दिलं जायचं. माझा कल पहिल्यापासून शरीराकडे आहे. आधी पोट, दात, सांधे, कान, मग स्वभाव. या क्षेत्रातल्या काहींना ते फार साधं वाटतं. वाटू दे.

त्या दिवशी मी गुरगुरण्यावर काहीच उपाय सांगितला नाही. मुलाला भांड्यापासून आणि पहाटेच्या स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचं, पशुवैद्याला दाखवायचं आणि एक वही घालायची, एवढंच. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कधी खाल्लं, कधी गुरगुरला, शी आणि उलटी कशी होती.

वही आईने मन लावून लिहिली होती. पुढच्या भेटीत ती मी आजींच्या हातात दिली आणि म्हटलं, "आजी, तुम्हीच वाचून दाखवा." चष्मा लावून त्या वाचायला लागल्या. पहाटे साडेचार, बाबांवर गुरगुरला. पावणेसहा, पिवळा फेस ओकला. सहा, गॅलरीतल्या कुंडीतला गवती चहा खाल्ला. दुपारी साडेबारा, भांडं भरताना गुरगुरला. पुन्हा पहाटे पाच. पुन्हा पिवळं. शी पातळ. जेवणानंतर दोन ते रात्री झोपेपर्यंत मात्र एकही नोंद नाही. त्या वेळात पोरगा त्याच्या अंगावर लोळलेला सुद्धा होता.

आजी वाचता वाचता थांबल्या. चष्मा काढला.

"म्हणजे ह्याला पित्त झालंय?"

"डॉक्टरही तेच म्हणाले ना? जठराला सूज आहे, पोट रिकामं राहिलं की पित्त उलटून येतं."

"अगं बाई. मला पित्त उठलं की मी तरी कुठे धड बोलते कुणाशी. पोरं समोर आलेली खपत नाहीत."

प्रथिनं, जठर, संप्रेरकं यांवर मी तासभर बोलले असते तरी जे झालं नसतं, ते या एका वाक्याने झालं. तोवर ब्रुनो त्या घरात माजलेला होता. त्या मिनिटापासून तो आजारी झाला. माजलेल्याला दटावतात, भांडं हिसकावून दाखवतात, गावाला सोडायची भाषा करतात. आजाऱ्याचं खाणं-पिणं बघतात. समुपदेशनात मी बहुतेक वेळा याच बदलाची वाट बघत असते. तो मी घडवून आणत नाही. वही योग्य माणसाच्या हातात द्यायची, एवढं मला जमतं.

मग हिशोब मांडला. ब्रुनोचं वजन २८ किलो. एवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,३०० ते १,४०० कॅलरी लागतात. चार पोळ्या आणि अर्धा लिटर दूध म्हणजे जेमतेम ७५०-८००. बिस्किटांनी थोडी भर पडते, पण ती मैदा आणि साखरेची. प्रथिनं गरजेच्या निम्मीसुद्धा नीट भरत नाहीत. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. गॅस आणि पातळ शी तिथून. त्यात लॅब्रॅडॉर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की जवळपास चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यांना खाण्याची हाव जास्त असते. अशा कुत्र्याला अर्धपोटी ठेवून वर शांतपणाची अपेक्षा!

आजींना भीती होती, की मी श्रावण मोडायला सांगणार. मला त्याची गरज वाटली नाही. मांजराला शाकाहारावर ठेवता येत नाही. कुत्र्याला नीट आखून ठेवता येतं. माणसासोबत राहून कुत्रा पिष्टमय पदार्थ पचवायला लांडग्यापेक्षा कितीतरी सरावला आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली त्याच्या जनुकांतच हे दाखवून दिलं. पण ‘नीट आखून’ याचा अर्थ आपल्या ताटातलं उरलेलं नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने कुत्र्यांसाठीचं संपूर्ण पोषण असलेलं कोरडं शाकाहारी खाद्य निवडलं. आठ-दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त, असं हळूहळू बदललं. दूध बंद. जेवणाच्या वेळा तीन, आणि शेवटची छोटी वाटी रात्री साडेदहाला, म्हणजे पहाटेपर्यंत पोट ठणठणीत रिकामं राहत नाही. बिस्किटं आजींनी स्वतःहून डब्यात बंद केली.

पिवळी उलटी आधी थांबली. फरशी चाटणं त्यानंतर कमी झालं. पहाटेची गुरगुर सगळ्यात शेवटी गेली.

आता चिकनच्या प्रश्नाचं उत्तर. मांसामुळे कुत्रा हिंस्र होतो याला आधार नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात २००० साली ३३ कुत्र्यांना कमी-जास्त प्रथिनांचं खाद्य आलटून पालटून दिलं होतं. ट्रिप्टोफॅन या घटकाची जोड नसलेल्या जास्त प्रथिनांच्या खाद्यावर एका प्रकारची आक्रमकता जास्त दिसली. चंचलपणात फरक पडला नाही. प्रत्येक खाद्य एकेकच आठवडा दिलेलं, कुत्रे मोजके आणि आधीच तक्रार असलेले. एवढ्यावरून कुणी घरच्या कुत्र्याची प्रथिनं तोडू नयेत. मनाला स्वस्थता देणारं सेरोटोनिन शरीर ट्रिप्टोफॅनपासूनच बनवतं आणि ते प्रथिनांतूनच येतं. ब्रुनोच्या घरी श्रावण संपल्यावर उकडलेलं, बिनमसाल्याचं, हाडं काढलेलं चिकन पुन्हा सुरू झालं. तो हिंस्र झाला नाही.

उलट बाजूही सांगते, कारण हल्ली दर बिघाडावर खाद्याचं महागडं पोतं विकणारेही भेटतात. फटाक्यांची भीती, घरात एकटं राहिल्यावर होणारी तगमग, पिल्लूपणी माणसांची सवय न लागणं, हे खाणं बदलून जात नाही. खाण्यावर संशय कधी घ्यावा? वागणं अलीकडे बदललं असेल, ठरावीक वेळीच बिघडत असेल आणि जोडीला शी, उलटी, खाज, वजन, माती खाणं यातलं काही असेल तर. पावसाळ्यात गोचीडतापाची रक्ततपासणीही करून घ्यावी. थकलेला, अंग दुखणारा कुत्राही गुरगुरतो.

आणि सणासुदीचं ध्यानात ठेवा. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात; प्रसाद म्हणून चमचाभरही नको. कांदा-लसूण रक्तपेशींचं नुकसान करतो. शिजवलेल्या हाडाची कपची आतड्यात अडकू शकते.

भांड्याजवळचं गुरगुरणं मात्र खाणं सुधारल्यावरही थोडं उरलं होतं. पोटाने शिकवलेला धडा पोट बरं झालं तरी लगेच पुसला जात नाही. घरातल्या मोठ्यांनी भांड्याला हात न लावता लांबून जायचं आणि जाताना पनीरचा तुकडा टाकायचा. तो मान वर करून वाट बघायला लागला, की अंतर थोडं कमी करायचं. मुलाला यात अजून घेतलेलं नाही. त्याचे बाबा घाई करतात, त्यांना मी दर वेळी थांबवते. दाराची बेल वाजली की ब्रुनो अजूनही बेभान भुंकतो, पण ते तो गटारीच्या कितीतरी आधीपासून करतो आणि त्याचा पोटाशी संबंध नाही. त्यावर आता काम सुरू केलंय.