शिडाच्या बोटीवर राहायचं तर प्रिंटर कोणता घ्यावा?

तुमचे भाऊ-वहिनी निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीवर राहायला निघालेत. त्यांना प्रिंटर कोणता द्यावा, घरचा टँकवाला (बाटलीतून शाई टाकीत ओतायचा इंकजेट) पाठवला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय कुणीतरी त्यांना "लेझरच घ्या, शाई वाळायची भानगड नाही" असं सांगितलंय म्हणे. हे वाक्य मी बडोद्यात, दांडिया बाजारात, दुरुस्तीच्या टेबलाशी बसून रोज ऐकतो.

घरात ते खरंही आहे. बोटीवर गाडी अडते ती विजेपाशी. लेझरमधला फ्यूझर, म्हणजे तापणारा भाग, टोनर (शाईऐवजीची पावडर) कागदावर वितळवायला १८०-२०० अंशांपर्यंत तापतो. लहानात लहान काळं-पांढरं लेझरही तापताना काही क्षण हजारेक वॉट ओढतं. घरात फार तर दिवा लुकलुकतो. बोटीवर बॅटरी बहुधा १२ व्होल्टची. हजार भागिले बारा म्हणजे ८३ अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा धरून ९५ च्या घरात. बॅटरी जरा म्हातारी असेल, वायर बारीक किंवा लांब असेल, तर तेवढ्या ओढीनं व्होल्टेज खाली बसतं आणि इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद.

मांजलपूरच्या एका घरातला मुलगा असाच बोटीवर राहतो. त्याचं लेझर माझ्याकडे उघडायला आलं होतं, आमच्याच गल्लीतल्या एका दुकानदारानं छातीठोकपणे दिलेलं. तक्रारी दोन. मशीन कधी फ्यूझर एरर दाखवायचं. आणि पान निघालंच तर अक्षरं फिकी, बोट फिरवलं की पुसली जाणारी. दुकानदाराचं निदान तयार: टोनर डुप्लिकेट. टोनर कंपनीचाच होता. झाकण काढल्यावर पहिली नजर कार्ट्रिजला टेकणाऱ्या स्प्रिंग-कॉन्टॅक्टवर गेली. त्यांतून हाय व्होल्टेज जातं, आणि त्यांवर पांढरट-तांबूस थर चढलेला. खाऱ्या हवेचं काम. तिथं संपर्क तुटका म्हणजे अक्षर फिकं. पुसलं जाण्याचं कारण कागदात होतं. ट्रेमध्ये महिनोन्‌महिने पडून तो ओलसर झालेला, त्यामुळे फ्यूझरची बरीच उष्णता ओल घालवण्यातच जायची. राहिला फ्यूझर एरर. त्याचा इन्व्हर्टर स्वस्तातला, मॉडिफाइड साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा. फ्यूझरची वीज ज्या ट्रायॅकवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालते त्याला सरळ साइन वेव्ह लागते, चौकोनी लाटेवर तो गडबडतो. दुकानदाराला हे सगळं दाखवलं. "आमच्याकडे तर मस्त चालत होतं," म्हणाला. चालणारच, एमजीव्हीसीएलच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, लाईनवर काय चालत नाही?

२०२४ च्या ऑगस्टात इथल्या विश्वामित्री नदीच्या पुरात बुडालेली मशीनं धुऊन-वाळवून चालू झालेली मी पाहिलीत. खाऱ्या पाण्याला तो उपाय पुरत नाही, मागे राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं.

आता टँकवाला. महिन्याला दोनशे पानं छापणाऱ्या घराला त्याच्यासारखं मशीन नाही. पण टाक्यांना हवेसाठी वाट ठेवलेली असते, म्हणून मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की हलवताना आडवा करू नका. शिडाची बोट वाऱ्यावर पंधरा-वीस अंश कलून तासन्‌तास चालते. शाई नको तिथं शिरते, नळ्यांत हवा अडकते. वर बऱ्याच मॉडेलांत कागदावर शाई फवारणारं हेड कायमचं बसवलेलं. ते वाळलं तर क्लीनिंग मारत बसा. शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते आणि पॅडही भरतं. घरीच ठेवा.

घ्यायचा तो प्रवासी इंकजेट, ज्याच्या कार्ट्रिजमध्येच हेड असतं. एचपी ऑफिसजेट २०० त्या जातीचा. छापताना चाळीस-पन्नास वॉटच्या आत भागतं, बॅटरीवरही चालतो. कार्ट्रिज बदललं की हेड नवं. वाळलंच तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर हेड खाली करून दोन मिनिटं टेकवा. मग कोरड्या टिश्यूवर, न घासता, दाबून उचला. शाईची सलग रेघ उमटली की मोकळं झालं. तांब्याचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मात्र आतली पारदर्शक एन्कोडर पट्टी (हेड कुठे आहे ते मशीनला कळवणारी) त्यानं पुसू नका, काही मशीनवर तिच्यावरच्या रेघा जातात. तिला ओलसर मऊ कापडच.

सगळ्यात जास्त हेड मरतात ती वेगळ्याच सवयीनं: छापून झालं की थेट इन्व्हर्टर बंद. मग हेड झाकणावर जाऊन बसत नाही, उघडंच राहतं. आधी प्रिंटरचं बटण, तो पूर्ण गप्प झाला की मगच वीज.

कागद ८० जीएसएमचा, पन्नास-पन्नासचे गठ्ठे झिप पिशवीत, सोबत सिलिका जेल. दाणे केशरीचे हिरवे झाले की १२० अंशांवर तासदोन तास भाजून परत भरा. लागतील तेवढीच पानं काढा, ट्रेमध्ये ठेवून विसरू नका. आणि काळी शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) आहे ना ते विकत घेण्याआधी तपासा. एक ओळ छापा, पाच मिनिटांनी वर पाण्याचा थेंब टाका. पसरली तर डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, आणि क्रू लिस्ट (बोटीवरच्या माणसांची यादी, आयएमओ फाल फॉर्म ५) डायवर छापून ओल्या हातानं कस्टम्ससमोर धरण्यात अर्थ नाही. त्या लिस्टच्या आणि पासपोर्टच्या प्रती कस्टम्स, इमिग्रेशन, आरोग्य खातं असे सगळे वेगवेगळ्या मागतात. बोटीवर प्रिंटर लागतो तो मुख्यतः यासाठीच. स्कॅन फोननं होतं, ऑल-इन-वनची गरज नाही.

थर्मल, म्हणजे शाईशिवायचा ए४, ब्रदरचा पॉकेटजेट वगैरे, वजनाला आणि विजेला उत्तमच. पण त्या कागदावरची अक्षरं उन्हातान्हात आणि पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये उडून जातात. वर्षभर जपायच्या कागदासाठी नको.

हां, कार्ट्रिज काही मॉडेलांत प्रदेशाला बांधलेली असतात. प्रिंटर जिथं घ्याल तिथलीच सीलबंद दोन काळी सोबत द्या. आणि भाऊ बारा महिने मरिनाच्या (बोटी लावायच्या धक्क्याच्या) २३० व्होल्टच्या वायरीला बांधलेले राहणार असतील, एअर कंडिशनर चालू असेल, तर लेझरही चालेल, माझी हरकत नाही. फक्त १२० व्होल्टच्या देशात इथलं लेझर लावू नका, फ्यूझरची तापणारी दांडी २३० व्होल्टची असते. बाकी कुणाला लेझरची बाजू घ्यायचीच असेल, तर आधी इन्व्हर्टर कुठला, बॅटरी किती अँपिअर-अवरची आणि दोहोंमधली वायर किती जाडीची, ते सांगावं. गल्लीतल्या त्या दुकानदाराला मी हेच विचारलं होतं, अजून उत्तर आलेलं नाही.