पेसाख (वल्हांडण) जर सुटकेचा सण, तर त्यात जमीन कुठून आली?

तुमचा प्रश्न असा: ज्यू मित्राच्या घरी सेदरचं, म्हणजे सणाच्या रात्रीच्या विधीपूर्वक जेवणाचं, बोलावणं आहे, वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटका एवढं ठाऊक आहे, मग शेवटी 'पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये' कशाला म्हणतात? हे नंतर कुणी राजकारणापोटी घुसवलं का?

'घुसवलं' हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसलो. राजकारणापोटी घुसवलेलं काही नाही. उलट जमिनीचं वचन गाळलेलं आहे, आणि त्या गाळलेल्या जागेपाशीच सगळं आहे.

सेदरच्या रात्री वाचतात त्या हग्गादेचा कणा म्हणजे तोरेतल्या (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या) 'अनुवाद' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातली 5 ते 8 ही वचनं. भटक्या अरामी बापापासून सुरुवात, मग मिसर, छळ, देवाने बाहेर काढणं. पण मुळात ही वचनं सेदरची नव्हेतच, शेतकऱ्याची आहेत. अंजीर, द्राक्षं, डाळिंब, जे काही आधी पिकलं ते टोपलीत भरायचं, टोपली खांद्यावर घेऊन यरुशलेमच्या मंदिरात यायचं आणि याजकासमोर हे म्हणायचं. त्यातलं नववं वचन म्हणतं की देवाने आम्हाला या ठिकाणी आणलं आणि दुधामधाचा हा देश दिला. ती टोपली भरलेली आहे ती या नवव्या वचनामुळे. मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, सांगितलंय की हा उतारा शेवटापर्यंत न्या. आजची हग्गादा मात्र आठव्यावर थांबते. 70 साली रोमनांनी मंदिर पाडलं. 'या ठिकाणी' म्हणायला म्हणणारा त्या ठिकाणी उभा हवा ना? माझ्या मते कारण एवढंच.

सेदरला वाइनचे चार पेले पितात, त्यांचंही तसंच. 'निर्गम'च्या सहाव्या अध्यायात देव सांगतो: बाहेर काढीन, सोडवीन, मुक्त करीन, आपले करून घेईन. या चार क्रियापदांचे चार पेले. लगेच पुढे पाचवं येतं, देशात आणीन. त्याचा पेला प्यायचा की नाही यावर जुने रब्बी भांडले आणि निकाल लागला नाही. मग तो भरतात, एलिया संदेष्ट्याच्या नावाने टेबलावर ठेवतात, पीत कुणीच नाही.

आता तारीख. तोरा म्हणते सण 'अवीव' महिन्यात करा. अवीव म्हणजे जवाची कणसं भरत येण्याचे दिवस, आणि जव म्हणजे तिथलाच जव. वर्ष चांद्र असल्यामुळे सण मागे सरकत हिवाळ्यात जाऊ नये म्हणून त्याच्या आधीचा अदार महिना दुप्पट करतात, 19 वर्षांत 7 वेळा. अधिक मास पाळणाऱ्यांना हा हिशेब समजावायला नको. पूर्वी तो निर्णय यरुशलेमची रब्बी सभा शेतं पाहून करायची: जव तयार आहे का, झाडांना फळ धरलंय का, विषुवदिन कधी येतोय. तिन्हींपैकी दोन मागे पडत असतील तर महिना वाढवायचा. सणाच्या दुसऱ्या दिवशी, 16 निसानला (अवीवचंच दुसरं नाव निसान), जवाची पहिली पेंढी मंदिरात जायची, आणि ती जाईपर्यंत नवं धान्य कुणी तोंडात घालायचं नाही. तिथून 49 दिवस मोजले की गव्हाचा सण.

आणि पाऊस. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण यावर मी पुष्कळ वाद घातलाय. पेसाखच्या पहिल्या दिवशी सभास्थानात दवाची प्रार्थना होते, आणि तेव्हापासून प्रार्थनेतले 'वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा' हे शब्द बंद. थेट सुक्कोथ हा सण संपताना, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, पुन्हा सुरू. इस्रायलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. निसान सरल्यावर पडला तर मिश्ना त्याला शाप म्हणते, उभ्या पिकाची नासाडी. उन्हाळ्यात चुकून 'पाऊस पाडणारा' म्हटलं तर ती उभ्याने करायची प्रार्थना पहिल्यापासून म्हणावी लागते. आता हे अलिबाग-रेवदंड्याच्या ज्यूंना लावून बघा. एप्रिलमध्ये पावसाचं नाव टाकायचं, जूनमध्ये नांगर लावायचा, आणि पाऊस कोकणातून परत निघाला की त्याचं नाव घ्यायचं! 'हा मूर्खपणा आहे, इथल्या पावसाप्रमाणे बदला' असं म्हणणारे मला खूप भेटलेत. त्यांचा प्रश्न तालमूद या रब्बींच्या जुन्या चर्चाग्रंथाइतका जुना आहे. आजच्या इराकातल्या निनवेच्या लोकांनी विचारलं होतं, आम्हाला भर उन्हाळ्यात पाऊस लागतो, काय करू? उत्तर मिळालं: वैयक्तिक गरज म्हणून 'प्रार्थना ऐकणारा' या आशीर्वादात मागा, सार्वजनिक शब्द हलवू नका. 14व्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोच्या रब्बी आशेर यांनी मोठ्या प्रदेशांसाठी ते शब्द हलवून पाहिले, लोकांनी ऐकलं नाही. बरं झालं. भाताला लागणारा पाऊस मागायची सोय आहेच. पण सामुदायिक प्रार्थनेचं आभाळ दुसऱ्या देशाचं आहे, आणि दोन हजार वर्षं ते बदललं नाही. भूमीशी संबंध म्हणतात तो हा.

तुमच्या मित्राकडे सण आठ दिवस असेल, इस्रायलमध्ये सातच. चंद्र दिसल्याचा निरोप लांबच्यांना वेळेत पोचायचा नाही, म्हणून एक दिवस जास्त. म्हणजे तुम्ही किती लांब आहात ते सणाच्या लांबीतच मोजलेलं आहे. कोकणातल्या बेने इस्रायलांनी (तिथल्या मराठी ज्यूंनी) याच सणाला 'अनशी ढाकाचा सण' म्हटलं, म्हणजे आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. हग्गादेचा मराठी अनुवाद 1846 साली मुंबईत छापला गेला. 1874च्या पुण्याच्या प्रतीत चित्रांतल्या बायका साडी नेसून मत्सा, म्हणजे सणाची न फुगवलेली भाकर, करताना दिसतात.

हेही सांगायला हवं की यातून आजची कुठलीही सीमारेषा सिद्ध होत नाही. हीच हग्गादा वाचणारे सतमार पंथाचे कर्मठ हसिदी ज्यू मसीहा येण्याआधीचं ज्यू राज्य मुळात अमान्य करतात. आणि लेवीय 25:23 मध्ये देव स्वच्छ सांगतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे. हे वचन दोन्ही बाजूचे भांडखोर सोयीने विसरतात.

जाताना ब्रेड, केक, नानकटाई नेऊ नका. गहू, जव, ओट, राय, स्पेल्ट यांपैकी कशाचंही पीठ पाण्यात कालवून 18 मिनिटं तसंच राहिलं की ते खामेत्स, म्हणजे सणात वर्ज्य असलेलं आंबलेलं धान्य, आणि ते घरात असणंसुद्धा चालत नाही. तांदूळ या पाचांत नाही, तरी अश्केनाझी (मूळ युरोपातल्या ज्यूंचं) घर असेल तर तोही टाळा. बेने इस्रायल घरात भात असतो. मात्र तांदळाच्या भाकरीने मत्साचं कर्तव्य फिटत नाही, कारण जे फुगून खामेत्स होऊ शकतं त्याचाच मत्सा होतो. फळं न्या. पेला निदान 86 मिलीचा असतो आणि चार प्यायचे असतात, द्राक्षाचा रस मागितलात तरी कुणी हसणार नाही. पाचव्याला हात लावू नका.