ट्यूनिंग बॉक्स बसवला आणि वॉरंटी नाकारली

प्रश्न : माझी डिझेल टर्बो कार अजून वॉरंटीत आहे. टर्बोचा दाब, ऑइलचे तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज दाखवणारा छोटा स्क्रीन मी डॅशबोर्डवर बसवून घेतला. त्याच संचात इंजिनाची ताकद वाढवणारा ट्यूनिंग बॉक्सही होता. 'पूर्ण कायदेशीर आहे, वॉरंटीला धक्का लागत नाही' असे बसवणाऱ्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिले होते. आता पॉवर स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मोटर बंद पडली आहे. सर्व्हिस सेंटरने स्क्रीनचा फोटो काढला, जॉबकार्डवर 'अनधिकृत बदल' असा शेरा मारला आणि अख्ख्या गाडीची वॉरंटी संपली असे तोंडी सांगितले. मित्र म्हणतो, सगळे काढून टाक आणि दुसऱ्या सेंटरला जा. तसे करू का? मला दंड होऊ शकतो का? विमा कंपनीला कळवावे लागेल का?

उत्तर : मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवा. शेरा लिहिला गेला आहे, फोटोही काढला गेला आहे. आता बॉक्स गुपचूप काढला तर त्याचा अर्थ एकच लावला जाईल, की लपवण्यासारखे काहीतरी होते. पुढे ग्राहक आयोगापुढे शपथपत्र करताना तुम्हाला खरे सांगावेच लागेल. बॉक्स काढायचा आहेच, पण कसा काढायचा ते पुढे सांगते.

तुम्ही 'संच' म्हणता, पण कायद्याच्या नजरेने त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्क्रीन फक्त वाचतो. ओबीडी पोर्टमधून (बिघाड तपासणीचे यंत्र जोडायचे सॉकेट) किंवा सेन्सरकडून माहिती घेतो आणि दाखवतो, गाडीच्या वागण्यात त्याने फरक पडत नाही. ट्यूनिंग बॉक्स मात्र सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्या मध्ये बसून ईसीयूला खोटा आकडा देतो. इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असे भासवले की ईसीयू तो वाढवतो, आणि ताकद वाढते. सर्व्हिस सेंटरने या दोन्हींना एकाच शेऱ्यात गुंडाळले आहे. त्यांच्या सोयीचे ते आहेच, पण तुम्हीही पत्रात तेच केले आहे.

दंडाचे आधी सांगते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षी आलेल्या कलम 182अ, पोटकलम 4 खाली बाहेरून भाग बसवून केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आता आरसी काढून बघा. त्यावर अश्वशक्ती छापलेली असेल, तर बॉक्सने वाढलेली ताकद त्या आकड्याशी विसंगत ठरते. 'बदल म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचे मूळ स्वरूपच पालटते' असे स्पष्टीकरण कलम 52 मध्येच आहे, त्यामुळे वाद घालायला जागा आहे. पण त्या वादावर विसंबून मी अशिलाला रस्त्यावर गाडी काढायला सांगणार नाही. शिवाय धूर वाढला तर कलम 190(2) वेगळे लागते : 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने परवाना बाळगण्यास अपात्र. पीयूसी आहे एवढ्याने यातून सुटका होईलच असे नाही.

स्क्रीनला मात्र यातले काही लागत नाही, तो जागेवर बसवला असेल तर. एअरबॅगच्या झाकणावर नको, काचेवर चालकाची नजर अडेल असा नको, आणि त्याची वायर पेडलपाशी लोंबकळायला नको. ओबीडी पोर्ट सहसा स्टिअरिंगखालीच असतो, त्यामुळे हे शेवटचे फार वेळा घडते.

आता तुमचा खरा वाद. वॉरंटी पुस्तिकेतले अपवादाचे कलम शब्दन् शब्द वाचा. 'अनधिकृत बदलामुळे झालेल्या बिघाडास वॉरंटी लागू नाही' अशी वाक्यरचना असेल, तर 'मुळे' हा शब्द तुमच्या बाजूचा आहे. इंधनदाबाच्या सेन्सरवर बसलेला बॉक्स स्टिअरिंगची मोटर कसा जाळतो, हे कंपनीला दाखवावे लागेल. टर्बो, इंजेक्टर किंवा क्लच गेला असता तर मी तुम्हाला इतकी उमेद दिली नसती. तिथे बॉक्स आणि बिघाड यांचा संबंध अगदी जवळचा असतो.

पण एक गोष्ट पत्रात नाही आणि सगळे प्रकरण तिच्यावर उलटू शकते : स्क्रीनला वीज कुठून घेतली आहे? बसवणारे पुष्कळदा फ्यूजबॉक्समधला हाताला लागेल तो फ्यूज निवडून त्यावर जोड देतात. तो फ्यूज स्टिअरिंगच्या सर्किटचा निघाला, किंवा अर्थिंगची तार स्टिअरिंगच्या अर्थिंगवर चढवलेली असली, तर कार्यकारणाचा धागा कंपनीच्या हाती आयता सापडतो. गंमत अशी की मग निरुपद्रवी म्हणून मी ज्याची बाजू घेतली तो स्क्रीनच दोषी ठरेल आणि ट्यूनिंग बॉक्स सुटेल.

म्हणून काहीही काढण्यापूर्वी त्या सेंटरशी किंवा त्याच्या प्रतिस्पर्धी सेंटरशी संबंध नसलेल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरला किंवा सर्व्हेअरला बोलवा. प्रत्येक जोडाचे फोटो, फ्यूजची जागा, फॉल्ट कोडचा छापील अहवाल आणि त्या दिवशीचे किलोमीटर हे सगळे सहीनिशी घ्या. नंतर त्याच्यासमोर बॉक्स काढा आणि फेकून न देता जपून ठेवा. व्हॉट्सॲपचे संदेश असलेला फोनही बदलू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. जाता जाता : स्क्रीन वेग आणि ॲक्सिलरेटरच्या नोंदी साठवत असेल, तर उद्या अपघात झाल्यास त्या नोंदी तुमच्याविरुद्धही मागवल्या जाऊ शकतात.

यासोबतच सर्व्हिस सेंटरला ईमेल करा : वॉरंटी कोणत्या कलमाखाली नाकारली, बिघाडाचे तांत्रिक कारण काय आणि बदलाशी त्याचा संबंध कसा, हे लेखी द्या. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. लेखी कारण मागितले की काही वेळा नकारच विरघळतो.

नाही विरघळला, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगात तक्रार करा. गाडीसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर अधिकार जिल्ह्याला आहे, मुदत दोन वर्षांची. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग कलम 38 खाली प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो, तो अर्ज सुरुवातीलाच द्या. पुस्तिकेत 'कोणताही बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द' असे लिहिले असेल तर ते कलमच अन्याय्य आहे असे म्हणण्याचा मोह होईल. पण अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्यात चालत नाही. स्टिअरिंगच्या एका मोटरसाठी मी तो फेरा घेणार नाही, सेवेतील त्रुटीवरच भर देईन.

बसवणाऱ्यालाही त्याच तक्रारीत प्रतिपक्ष करा, पर्यायी म्हणून : बिघाड वायरिंगमुळे निघाला तर भरपाई त्याच्याकडून. त्याने दिलेली लेखी हमी कलम 86 खाली त्याला स्वतंत्रपणे बांधते. त्या कायद्यातल्या 'हानी'त त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचे नुकसान येते, आणि त्याच्या संचाच्या दृष्टीने तुमची गाडी ही इतर मालमत्ताच आहे. तो कलम 87 पुढे करेल, वस्तूत फेरफार झाला असेल तर विक्रेता जबाबदार नाही असे. म्हणूनच संच जसाच्या तसा हवा. खोकेही शोधा. अशा खोक्यांवर बरेचदा 'फक्त शर्यतीसाठी' असे बारीक अक्षरात असते. ते सापडले तर तुम्हाला थोडे नडेल, पण ते वाचूनही रस्त्यावरच्या गाडीत बसवणाऱ्याला जास्त नडेल.

विमा कंपनीला कळवायचे का? हो, आजच. कारखान्यातून न आलेली इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरी वेगळा हप्ता भरून नोंदवली नसेल तर तिची भरपाई मिळत नाही, आणि न कळवलेला ट्यूनिंग बॉक्स स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात वादाचे कारण होतो. तिसऱ्या पक्षाच्या दाव्यात विमा कंपनीचे बचाव मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 ने मर्यादित केले आहेत, त्यामुळे तिथे धोका कमी. स्क्रीनची नोंद पॉलिसीवर करून मागा आणि बॉक्स काढला की त्याची तारीखही ईमेलने कळवा.

स्टिअरिंग बिघडलेली गाडी तोपर्यंत चालवू नका. वॉरंटीच्या वादात दुरुस्ती अडकलीच, तर 'हक्क राखून' असे पावतीवर लिहून पैसे भरा, जुनी मोटर मागून घ्या आणि ती रक्कम तक्रारीत मागा.