सभागृह भरलं की चित्र का फुटतं?

प्रश्न (मिरज): शास्त्रीय मैफलींचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतो. कॅमेरा आणि मिक्सरचा आवाज मंचाजवळच्या लिनक्स लॅपटॉपवर घेतो. तिथून वायफायवरून यूडीपीने (पोहोचलं की नाही ते न पाहता माहिती पाठवायची पद्धत) मागच्या खोलीतल्या दुसऱ्या लिनक्स संगणकावर, ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये. अंतर ५० मीटर. दुपारी सगळं छान चालतं. मैफल रंगली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि तंबोरा मध्येच तुटतो. काय चुकतं?

उत्तर: दुपारी सभागृह रिकामं असतं. रात्री प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल त्याच लहरींवर बोलत असतो, त्यात पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवतात. साधा यूडीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा मागत नाही, त्यामुळे पुढची की-फ्रेम (आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेलं पूर्ण चित्र) येईपर्यंत चित्र फुटलेलंच राहतं. चित्राचं एक वेळ खपून जातं. तंबोऱ्याचा सूर अखंड असतो, त्यात पडलेली बारीक फटही कानाला टोचते.

वायर टाका. कॅट ६ ही नेटवर्कची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, ५० मीटरला ती निवांत पुरते. फक्त शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर नको. दोन्ही संगणक थेट जोडा, क्रॉस केबल लागत नाही. लॅपटॉपला १९२.१६८.५०.१ आणि ओबीएसच्या संगणकाला १९२.१६८.५०.२ हे पत्ते हाताने द्या, आणि गेटवेची जागा रिकामी ठेवा. तिथे काही भरलं की संगणक इंटरनेटही याच वायरीवर शोधू लागतो आणि यूट्यूबचं प्रक्षेपण थांबतं. नंतर लिनक्समधल्या इथटूल या आज्ञेने वायरीचा वेग पाहा. १००० मेगाबिटऐवजी १०० दिसला तर बहुतेक वायरीची एखादी जोडी नीट लागलेली नाही. टोक कापून नवा कनेक्टर क्रिंप करा.

चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवायचा मोह आवरा. १०८० ओळींचं, सेकंदाला २५ फ्रेमचं कच्चं चित्र सुमारे ८३० मेगाबिट खातं. गिगाबिट वायरीत त्यानंतर फारशी जागा उरत नाही. लॅपटॉपवर एफएफएमपेग या चित्र दाबून पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये एच.२६४ ही दाबायची पद्धत, 'व्हेरीफास्ट' प्रीसेट, २० मेगाबिट ठेवा. यूट्यूबला ८ मेगाबिटच जाणार असले तरी ओबीएस चित्र पुन्हा दाबतो, म्हणून आत येणारं चित्र चांगलंच हवं. कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) यूएसबी २ चं असेल तर इनपुट एमजेपेग, म्हणजे दाबलेलं चित्र, निवडा. वायूव्ही, म्हणजे कच्चं चित्र, ठेवलं तर पूर्ण आकारात सेकंदाला जेमतेम पाच फ्रेम मिळतात.

पाठवायला एसआरटी वापरा. हाही यूडीपीवरच चालतो, पण हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतो. ओबीएसमध्ये मीडिया सोर्स घ्या, 'लोकल फाइल'ची खूण काढा, पोर्ट ९००० वर 'लिसनर' (जोडणीची वाट पाहणारा) मोड द्या; लॅपटॉप 'कॉलर' (जोडणी करणारा). फायरवॉलमध्ये ९००० यूडीपी उघडा, टीसीपी उघडून उपयोग नाही. आता सगळ्यात मोठा खड्डा: एफएफएमपेग आणि ओबीएस दोन्हींत लेटन्सी (मुद्दाम ठेवलेला उशीर) मायक्रोसेकंदात लिहायची असते. ३०० मिलिसेकंद हवे असतील तर ३००००० लिहा. नुसते ३०० लिहिलेत तर हरवलेलं पॅकेट परत यायला वेळच उरत नाही. दोन्ही टोकांना वेगळे आकडे असतील तर मोठा लागू होतो. उशीर शून्यावर आणायच्या मागे लागू नका. यूट्यूबचा प्रेक्षक तसाही काही सेकंद मागे असतो.

त्याच मीडिया सोर्समध्ये 'सक्रिय होताच पुन्हा सुरू करा' ही खूण काढा, नाहीतर दर वेळी सीन बदलला की जोडणी नव्याने होते आणि पडदा काळा पडतो. ओबीएसचा नॉइज सप्रेशन फिल्टरही बंदच हवा. तो सतत चालणारा आवाज गोंगाट समजून कापतो, आणि तंबोरा तर सतत चालणाराच.

प्रश्न (तासगाव): सप्ताहातल्या कीर्तनाचं चित्र एसआरटीने येतं, आवाज मात्र मिक्सरमधून थेट ओबीएसच्या संगणकात घेतो. मृदंगाची थाप आधी ऐकू येते, हात नंतर पडताना दिसतो.

उत्तर: चित्र वाटेत थांबून येतं, आवाज थांबत नाही. बरा उपाय म्हणजे मिक्सरची वायर लॅपटॉपलाच द्या; दोन्ही एकाच प्रवाहात आले की सोबत राहतात. ते जमत नसेल तर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ओबीएसमध्ये रेकॉर्ड करा आणि व्हिडिओ संपादकात फ्रेम मोजा. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. टाळीचा आवाज दहा फ्रेम आधी आला असेल तर 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये त्या आवाजाच्या सिंक ऑफसेटला ४०० भरा. इथे एकक मिलिसेकंद आहे. एसआरटीची लेटन्सी बदललीत तर टाळी पुन्हा वाजवा.