फ्रान्समधला जुना शातो (सरदारी थाटाची हवेली), सोबत ५० एकर आवार, भारतात राहणाऱ्या माणसाने विकत घ्यावा का?

घेता येतो. परदेशी माणसाला फ्रान्समध्ये घर घ्यायला बंदी नाही, आणि घर घेतलं म्हणून व्हिसाही मिळत नाही, एवढंच हवं असेल तर इथे थांबा. पण तुम्ही पुढे लिहिलंय की एका जाहिरातीत पुण्यातल्या बंगल्याच्या किमतीत शातो मिळतोय आणि "वर ५० एकर आवार फुकट पडतंय", ते वाचून मला राहवेना. अशाच एका फुकट पडलेल्या आवारापायी आमच्याकडे थोरल्या दिरांशी अजून धड बोलणं नाही.

मी मूळची वाळवा तालुक्यातली, नवरा फ्रेंच, आम्ही लुआर नदीकाठच्या तूर शहराजवळ राहतो. सासूबाई गेल्या आणि त्यांच्या माहेरचं अठराव्या शतकातलं घर, तळं, कुरणं, थोडं जंगल असं सगळं मिळून जवळपास तुमच्या जाहिरातीएवढंच आवार चार भावंडांच्या सामाईक नावावर आलं. इथे वारसा कर मृत्यूनंतर सहा महिन्यांत भरायचा असतो, प्रत्येक मुलाला आईच्या वाट्यातले एक लाख युरो माफ आणि त्यावर टप्प्याटप्प्याने थेट ४५ टक्क्यांपर्यंत. हातात रोकड नाही, छप्पर गळतंय, आणि चौघांपैकी कुणीही उठून वाटणी मागू शकतो, सिव्हिल कोडच्या कलम ८१५ प्रमाणे सामाईकीत राहायची सक्ती कुणावर नाही. असली घरं एवढी का विकायला निघतात, त्याचं बरंचसं उत्तर यातच आलं.

तर दिरांचं म्हणणं, जाहिरातीतले फोटो झकास यायला हवेत. सामाईक पैशातून त्यांनी दिवाणखान्याच्या लाकडी पॅनेलांना निळसर करडा रंग दिला आणि दारापुढे नवी खडी टाकून घेतली. मी पहिल्यापासून सांगत होते की आधी आवाराची भिंत बघा. भिंतीच्या माथ्यावरची कौलं जागोजागी निघालेली, पाऊस सरळ आत, आतला चुना धुऊन गेलेला, आणि थंडीत ते पाणी गोठलं की फुगतं आणि दगडांना आतून रेटतं. उत्तरेच्या बाजूला भिंतीला चक्क पोट सुटलं होतं, आयव्हीच्या मुळ्या अंगठ्याएवढ्या जाड होऊन सांध्यात घुसलेल्या. मी दिरांचा हात धरून त्या फुगवट्यावर ठेवला, तर म्हणाले ही भिंत क्रांतीच्या आधीपासून उभी आहे. रात्री जेवताना जाऊबाईंनी विचारलं, भारतात शातो असतात का? म्हटलं, भारतात बांध असतात.

फेब्रुवारीतल्या एका पावसाळी रात्री ती भिंत पडली, तीही बाहेरच्या अंगाला, गावच्या रस्त्यावर. नशीब की माणूस नव्हतं. मेयरची नोटीस आली. बरं, पटकन सिमेंटने लिंपून मोकळं व्हावं तर तेही नाही, कारण गावचं चर्च संरक्षित स्मारक आहे आणि अशा स्मारकाच्या ५०० मीटरच्या आतलं बाहेरून दिसणारं काम सरकारी वास्तुविशारदाच्या नजरेखालून जातं. तुमचं घर यादीत नसलं तरी. मग चुन्यात काम करणारा गवंडी शोधा, त्याच्या तारखा मिळेपर्यंत थांबा, आणि त्याचं कोटेशन बघितल्यावर दीर एकदम गप्प.

शेवटी गिऱ्हाईक आलं ते गमबूट घालून. रंगवलेल्या दिवाणखान्यातून सरळ चालत मागे गेले, सगळी भिंत पायी फिरले, तळ्याचं पाणी सोडायची झडप उघडते का बघितलं. खिडकीखाली पूर्वी कुणीतरी तुफोवर सिमेंट फासलं होतं (तुफो म्हणजे इथला पांढरा मऊ चुनखडक, लुआरकाठचे बहुतेक शातो त्याचेच), तिथे त्यांच्यातल्या बाईंनी किल्लीचं टोक लावलं तर दगड पिठासारखा खाली आला. सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि दगड आतून सडतो. मग पहिला प्रश्न विचारला, कुरणं कुणाकडे आहेत?

हा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारा. आमची कुरणं गावच्या शेतकऱ्याकडे खंडाने होती. इथला शेतीचा करार कमीत कमी नऊ वर्षांचा, आपोआप पुढे चालू राहणारा, आणि जमीन विकायला निघाली की बहुधा पहिला हक्क त्या शेतकऱ्याचा. आपल्याकडे कुळकायदा बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. कूळ नसेल तिथे साफेर नावाची संस्था, शेतजमिनीच्या सौद्यात तिला दोन महिन्यांची मुदत असते आणि वाटलं तर ती जमीन स्वतः घेऊ शकते. म्हणजे जाहिरातीतल्या ५० एकरांपैकी तुम्हाला खुर्ची टाकून बसता येईल अशी किती, ते कागद बघितल्याशिवाय कळत नाही.

आपल्या लोकांनी शातो घेतलेच नाहीत असं नाही. इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर १९२६ साली गादी सोडल्यावर पॅरिसजवळ सँ-जेर्मँ-आँ-लेला एनमों शातोत राहायचे, आज त्या आवारात आंतरराष्ट्रीय शाळा आहे. पण ते होळकर होते. तुम्हाला भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात (घरातल्यांची मर्यादा एकत्र करतात लोक), शिवाय जुन्या घरावर नोटरीचा खर्च आणि कर मिळून किमतीच्या सात-आठ टक्के वर धरा. स्वस्ताचं म्हणाल तर ला मोथ-शांदनिये हा शातो २०१७ साली पाच लाख युरोंना गेला, हजारो लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढून घेतला. १९३२ च्या आगीपासून तो पडीक, आत झाडं वाढलेली.

मी वकील नाही, आणि हे सगळं लुआरच्या आसपासचं, दक्षिणेला दगड वेगळा आणि वाळवीचीही कटकट. टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक कापून घेते तो कर) वगैरे सीएला विचारा. फ्रान्समधल्या तुमच्या मालमत्तेची निव्वळ किंमत १३ लाख युरोंच्या वर गेली तर संपत्ती कर लागतो, तेही विचारा. सेप्टिक टँकचा रिपोर्ट मात्र स्वतः वाचा, तो नापास असेल तर वर्षभरात दुरुस्ती घेणाऱ्याच्या गळ्यात.

दीर अजून सांगतात की रंगामुळे गिऱ्हाईक आलं. फोटो बघून आलं असेल, मी कुठे नाही म्हणते. पण घासाघीस झाली ती भिंतीवरून, आणि जे कापलं गेलं त्यात चौथा हिस्सा आमचा होता.