अंगावरचे केस : काढावेत की राखावेत?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची असून फोंड्याला महाविद्यालयात शिकते. गेली दोन वर्षे ती हातापायांबरोबर काखेतले आणि जांघेतले केसही पार्लरमध्ये जाऊन वॅक्सने काढून घेते. यंदाच्या पावसाळ्यात तिला जांघेत तीनदा केसतूड झाले आणि एकदा तर तिला धड चालताही येईना. हे थांबव म्हटले की ‘केस ठेवणे घाणेरडे असते’ असे ती म्हणते. केस राखण्याचा शरीराला खरोखर काही उपयोग असतो, की आम्ही जुन्या वळणाच्या बायका उगाच हट्ट धरतो? — एक आई, कुर्टी

उत्तर : ताई, तुमचा हट्ट मुळीच उगाच नाही. मात्र पूर्वीच्या बायका असे करत नसत, एवढेच सांगण्यापेक्षा हे केस नेमके काय काम करतात ते मुलीला सांगितलेत, तर तिला ते अधिक पटेल.

काखेत आणि जांघेत वयात येताना राठ केस उगवतात आणि त्याच सुमारास तिथल्या एका वेगळ्या प्रकारच्या घामग्रंथीही काम करू लागतात. या ग्रंथींचे तोंड त्वचेवर सरळ न उघडता केसाच्या मुळाच्या नळीत उघडते आणि तिला लागूनच त्वचेला मऊ ठेवणारी तेलग्रंथी असते. चालताना, बसताना, दुचाकी चालवताना या जागी कातडीवर कातडी आणि कातडीवर कापड सतत घासत असते. मधले केस ते घर्षण स्वतःवर घेतात. केस उपटला की ही नळी काही काळ उघडी पडते आणि एरवी त्वचेवर निरुपद्रवी राहणारे जंतू आत शिरतात. वस्तरा फिरवला तर बारीक ओरखडे उठतात, आणि नवा केस कुरळा व टोकदार असल्यामुळे वळून पुन्हा कातडीतच घुसतो. तीन-चार दिवसांपूर्वी वस्तरा फिरवलेली जांघ मी भिंगाखाली पाहते, तेव्हा एकेका छिद्राभोवती लाल कडे असते आणि काही ठिकाणी कातडीखाली गुंडाळलेला केस काळ्या दोऱ्यासारखा स्पष्ट दिसतो. केसतूड हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे; केस मुळाशी दुखावला की काय होते, हे आपल्या आज्या-पणज्यांना नीट ठाऊक होते.

गोव्याच्या पावसाळ्यात तर हा त्रास वाढणारच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा हटत नाही, अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घरात दोरीवर टाकलेले आतले कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. त्यात केस काढून सोललेल्या कातडीवर नायलॉनची घट्ट चड्डी आणि वर जीन्स चढवली, की केसतूड आणि नायटा या दोघांनाही आपण आमंत्रण दिल्यासारखे होते. मुलीने निदान पावसाळाभर तरी वॅक्स बंद ठेवावे, सुती आणि सैल कपडे वापरावेत, आणि चड्डी दमट वाटली तर तिच्यावर इस्त्री फिरवून मगच ती घालावी. औषधाच्या दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तिथे कृपा करून लावू नये, कारण त्याने नायटा दबल्यासारखा वाटतो आणि आतून पसरत जातो.

आता घाणेरडेपणाविषयी. काखेतल्या केसांत घामाचा वास थोडा अधिक रेंगाळतो, हे खरे आहे. परंतु वास केसांना नसतो, घामावर वाढणाऱ्या जंतूंमुळे तो येतो, आणि रोज साबणाने केसांच्या मुळापर्यंत धुऊन कोरडे पुसले की तो प्रश्न उरत नाही. जांघेत बाहेरून सौम्य साबण पुरे आहे. योनीच्या आत साबण किंवा सुगंधी द्रव कधीही वापरू नये. केस फार वाढल्यासारखे वाटले तर कात्रीने छोटे करावेत, त्याने मुळाला धक्का लागत नाही.

हातापायांवरची बारीक लवही निकामी नसते. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंचे वेटोळे असते, त्यामुळे अंगावर मुंगी चढली तरी आपल्याला कळते. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली स्वयंसेवकांच्या एका हातावरची लव काढून त्यांच्या हातांवर भुकेले ढेकूण सोडून पाहिले. लव असलेल्या हातावर ढेकणाची चाहूल लवकर लागली आणि ढेकणाला चावायची जागा शोधायला वेळही अधिक लागला. शिवाय केसाच्या मुळाशी अशा मूळपेशी असतात, की खरचटलेली जागा भरून काढणारी नवी कातडी त्यांच्यापासूनही तयार होते.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. एका पावसाळ्यात तीनदा केसतूड होणे साधे नाही, म्हणून मुलीच्या रक्तातली साखर तपासून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. साखर आटोक्यात नसलेल्या स्त्रीने जांघेतले केस उपटणे विशेष धोक्याचे असते. काख आणि जांघ या दोन्ही जागी गाठी पुन्हा पुन्हा येऊन व्रण राहू लागले, तर तो केसतुडापेक्षा वेगळा आजार असू शकतो आणि तो त्वचारोगतज्ज्ञालाच दाखवावा.

प्रश्न : मला आठवा महिना चालू आहे. इस्पितळात जाण्यापूर्वी खालचे केस घरीच काढून जा, नाहीतर नर्स रागावतात, असे शेजारच्या काकी सांगतात. पोटामुळे मला खालचे दिसतही नाही. काय करावे? — एक वाचक, पेडणे

उत्तर : काहीही करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या बाळंतपणविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे, कारण त्याने जंतुसंसर्ग टळतो याला आधार मिळालेला नाही. सिझेरियनची वेळ आली आणि केस आड येत असतील, तर ते इस्पितळातच यंत्राने कापता येतात. शस्त्रक्रियेपूर्वी वस्तरा वापरू नये, असे त्याच संघटनेने २०१६ साली सांगितले आहे. मी शिकाऊ डॉक्टर असताना एका रुग्णालयात प्रसूतीसाठी येणाऱ्या प्रत्येक बाईचे केस आम्ही वस्तऱ्याने काढत असू. कळा सोसणाऱ्या त्या बाईला आम्ही ‘हलू नका’ असे सांगत असू, आणि आठवड्याने ती दाखवायला आली की टाक्यांपेक्षा उगवणारे खुंट टोचतात, हीच तिची तक्रार असे. त्याची मला आजही खंत वाटते. काकींनी सांगितले ते त्या काळच्या रीतीला धरून आहे, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. पुढच्या तपासणीला मात्र तुमच्या डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : माझे वय २४ आहे. वर्षभरात हनुवटीवर आणि छातीवर राठ केस आले आहेत आणि पाळी दोन-दोन महिने येत नाही. हेही नैसर्गिक म्हणून राखावेत का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : केस राखलेत किंवा काढलेत, तरी त्याने बिघडणार नाही, परंतु त्यामागचे कारण शोधायलाच हवे. तुम्ही सांगता ती लक्षणे बहुधा पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या असमतोलाची असतात. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन रक्ताच्या तपासण्या करून घ्या आणि आधीच्या पाळीच्या तारखा लिहून सोबत न्या. पाळीबरोबर आवाजही घोगरा होऊ लागला असेल किंवा केस काही आठवड्यांतच झपाट्याने वाढले असतील, तर याच आठवड्यात जा. वस्तरा लावल्याने केस दाट होतात या भीतीने कोणी घाबरवले, तर ते मनावर घेऊ नका; तसे होत नाही, हे १९२८ सालीच प्रयोगाने दाखवले गेले आहे.